मुलीचं म्हणणं

परवा आमच्याकडे फील्डवर्कला येणाऱ्या एका विद्यार्थिनीची आयसी घेत होते. आयसी म्हणजे आठवड्याचा अहवाल समोर ठेवून एकेका विद्यार्थ्याशी होणारं बोलणं. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलेल्या कुणालाही हा शब्द ऐकून अजून पोटात गोळा येत असेल. मुलगी दुसऱ्या वर्षाची, मन लावून काम करणारी, अक्षर असं की वाचत राहावं. प्रकरण होतं एका पंधरा वर्षांच्या मुलीचं. मांडव पडलेला, हळद लागलेली, आणि कुणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. ग्रामसेवक आणि पोलीस पोचले, लग्न थांबलं, आईवडिलांनी हमीपत्र लिहून दिलं, मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं आणि समितीनं गृहभेटीचा अहवाल मागवला. आमची विद्यार्थिनी संस्थेच्या ताईंबरोबर त्या घरी जाऊन आली होती. तिनं काही म्हणता काही सोडलं नव्हतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पावसाळ्यात कुठून गळतं तेसुद्धा. केशरी रेशनकार्ड. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. आईचं म्हणणं, वडिलांचं, चुलत्याचं, अंगणवाडी सेविकेचं, शेजारणीचं. शेवटून दुसरा मथळा होता ‘मुलीचे म्हणणे’ आणि त्याखाली एक आडवी रेघ.

“ती बोलतच नाही मॅडम,” ती म्हणाली. “दारात बसून शेंगा फोडत होती. दोनदा विचारलं. मान पण वर केली नाही.”

रेघ सरळ होती, पट्टी लावून मारलेली. घरी आल्यावर भाजी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर, ती रेघ डोळ्यांपुढून जाईना. विद्यार्थिनीला बोल लावण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं निदान मथळा तरी लिहिला होता आणि तो भरला नाही हे लपवलं नव्हतं. तिच्याआधी किती माणसं त्या मुलीपर्यंत पोचली होती! फोन करणारा, ग्रामसेवक, हवालदार, समितीचे सदस्य. सगळे तिच्यासाठीच धावले, आणि वेळेवर धावले. हे सगळं करायला आमच्या बीड जिल्ह्यात आजही धमक लागते, गावाचं वैर पत्करावं लागतं. पण एवढ्या धावपळीत तिला लग्नाबद्दल, लग्न मोडण्याबद्दल, उद्याबद्दल काय वाटतं हे कुणाच्याच कागदावर नव्हतं.

आम्ही ज्याला संरक्षणाचं काम म्हणतो त्याचा अभ्यास मी पुण्यात केला. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, उरलेले दिवस वर्ग. आमच्या वर्गात नुकत्याच पदवी घेऊन आलेल्या पोरी होत्या, आश्रमशाळेतला एक शिक्षक होता आणि मुलींच्या वसतिगृहात बरीच वर्षं काढून चाळिशीनंतर शिकायला आलेल्या एक बाई होत्या. कायद्याचे पेपर, मानसशास्त्राचे पेपर, झेरॉक्सच्या दुकानातून उबदार येणारे नोट्सचे गठ्ठे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा अमलात आला तो १४ नोव्हेंबर २०१२ ला, आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना. सरांनी राजपत्रातली छापील प्रत आणून टेबलावर ठेवली होती आणि आम्ही एकेक कलम मोठ्यानं वाचलं होतं. मुलाचा जबाब घेताना पोलिसानं गणवेशात असू नये. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा. उलटतपासणीचा प्रश्न वकिलानं थेट मुलाला विचारू नये, न्यायाधीशांमार्फत विचारावा. मुलाला मध्ये मध्ये विश्रांती द्यावी. वसतिगृहातल्या बाई वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “हे कुणीतरी मुलांपाशी बसून लिहिलंय.” मला तो कायदा अजूनही त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.

पण दोन वर्षांत अंगात मुरलं ते कलमांपेक्षा वेगळं काही. एक सराव असायचा. एकीनं मूल व्हायचं, दुसरीनं समुपदेशक, बाकीच्यांनी बघायचं. मॅडम मूल झालेल्या मुलीच्या कानात सांगायच्या, काहीही झालं तरी बोलू नकोस. समोरची बिचारी प्रश्नांवर प्रश्न टाकायची. शाळेचं नाव काय, आवडता खेळ कोणता, कुणी मारलं का, कुणी रागावलं का. मग प्रश्न संपायचे. वर्गात पंख्याची घरघर ऐकू यायची, खाली कँटीनमध्ये कपबशा आदळायच्या, आणि कुणीतरी न राहवून हसायचं. मॅडम हसायच्या नाहीत. म्हणायच्या, “या शांततेची भीती तुम्हाला वाटतेय. तिला नाही. तिला सवय आहे.” त्या वाक्यानं वर्गातलं हसू थांबायचं. मग काय करायचं ते शिकवायच्या. तिच्या उंचीला बसा. हाताला काहीतरी काम असू द्या, तिच्याही आणि तुमच्याही. ‘का’ विचारू नका, ‘का’मध्ये आरोप ऐकू येतो, ‘मग काय झालं’ विचारा. उत्तर तुमच्या तोंडून तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा. लहान मूल शरीराच्या भागाला जे म्हणतं तेच लिहायचं, तिथं आपला सभ्य शब्द घालायचा नाही. तारीख, वेळ, सही. आपल्याला काय वाटलं ते वेगळ्या परिच्छेदात, आणि ‘मला वाटलं’ असं म्हणून.

आणि सर्वांत आधी, मुलानं तोंड उघडायच्याही आधी, सांगायचं की मी हे गुपित ठेवीन असं वचन देऊ शकत नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका मुलीच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या अहवालातला काही भाग वाचायला होता. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आयव्हरी कोस्टची मुलगी. चांगलं शिक्षण मिळेल या आशेनं आईवडिलांनी तिला नात्यातल्या बाईबरोबर युरोपात पाठवलं. २५ फेब्रुवारी २००० ला ती लंडनमध्ये गेली तेव्हा आठ वर्षांची होती आणि अंगावर १२८ जखमा होत्या. ती कुणाच्या नजरेस पडली नव्हती असं नाही. दोन रुग्णालयांनी तिला दाखल करून घेतलं होतं, समाजसेवा विभागांच्या फायलीत ती होती, पोलिसांकडे होती. तिला वाचवता आलं असतं असे किमान १२ प्रसंग लॅमिंगनी मोजून दाखवले आणि १०८ शिफारशी केल्या. इंग्लंडमधली आजची सगळी व्यवस्था, त्यावरचे पदव्युत्तर अभ्यासक्रमसुद्धा, बऱ्याच अंशी त्या अहवालाच्या पायावर उभे आहेत. मला मात्र त्यातल्या दोन गोष्टी सोडत नाहीत. तिच्यासाठी नेमलेली समाजसेविका तिला चारच वेळा भेटली आणि त्या सगळ्या भेटी मिळून जेमतेम अर्धा तास झाला. आणि दुसरी, तिला आणलं होतं दुसऱ्याच मुलीच्या पासपोर्टवर. त्यामुळे सगळ्या फायलींवर तिचं नाव ॲना होतं. तिचं खरं नाव कळायला तिला मरावं लागलं. हे वाचलं त्या रात्री होस्टेलवर आम्ही तिघीजणी उशिरापर्यंत गच्चीत बसून होतो. आपल्याकडे माणसं कमी, पैसा कमी, गाड्या कमी, म्हणून मुलं निसटतात अशी आमची समजूत होती. तिथं सगळं होतं, आणि तरी तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

याच्या उलट टोकाचं काही मी वाचलं ते परदेशी अहवालात नाही. कॉलेजनं आम्हाला गंज पेठेत फुलेवाडा पाहायला नेलं होतं. त्या पेठेला आता महात्मा फुल्यांचंच नाव आहे. रस्त्यावर रिक्षांचा, टेम्पोंचा गलका आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार सावली. मागं ती विहीर, १८६८ मध्ये सगळ्यांना खुली केलेली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं हे शाळेत सगळेच शिकतात, एका गुणाचा प्रश्न असतो तो. त्या गृहाची जाहिरात काय होती हे मात्र मला तिथं उभं असताना पहिल्यांदा नीट कळलं. विधवांनो, इथं येऊन गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हा. तुम्ही आपलं मूल न्यावं की इथं ठेवावं हे तुमच्या खुषीवर राहील, अशा आशयाची ती होती. मी ते दोनदा वाचलं. खुषीवर! ज्या बाईला केस ठेवायची मुभा नव्हती, लाल आलवणाशिवाय दुसरं लुगडं नेसायची मुभा नव्हती, जिच्यावर बळजबरी झाली तरी घर, जात आणि पुढं सरकार तिलाच धरणार, तिला दीडशे वर्षांपूर्वी दोन माणसं विचारत होती की बाई, तुझी मर्जी काय आहे. आधी गुप्तता, मग सुरक्षितता, मग तिची मर्जी. आजच्या चांगल्या अभ्यासक्रमातही याच तीन गोष्टी शिकवतात. त्या जोडप्यानं १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा, मुलगा दत्तक घेतला, यशवंत. आम्ही मानवी हक्कांचा इतिहास शिकताना सनावळ्या जिनिव्हापासून सुरू करतो. मला त्या गंज पेठेपासून सुरू कराव्याशा वाटतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी तशाच सांगते.

कायद्यातही ती मर्जी आता आली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समितीनं आदेश देताना मुलाची इच्छा लक्षात घ्यावी असं कलम ३७ मध्ये लिहिलंय, मूल तेवढं समजदार असेल तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर आजारी माणसाला बरं असतानाच लिहून ठेवायचा हक्क दिला, की उद्या मला भान राहिलं नाही तर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत, माझ्या वतीनं कोण बोलेल. पूर्वी वेड्याच्या इस्पितळात नातेवाईक सही करायचे आणि माणूस आत जायचा. तिथून इथवर यायला किती पिढ्या लागल्या असतील. कागदावर आपण बरेच पुढं आलोय. कागद भरणाऱ्या हाताला मात्र वेळ हवा असतो, आणि वेळच कुणी देत नाही.

बीडमध्ये काम करताना हे रोज दिसतं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं ऊस तोडायला साखर कारखान्यांवर जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत परत यायची सोय नाही. मागं राहतात म्हातारी माणसं आणि वयात येणाऱ्या मुली. मुलगी नेली तर फडात, खोपीत, परक्या माणसांच्या नजरेत. ठेवली तर रात्री घरात एकटी. आईबाप सांगतात, “ताई, आम्ही काय तिचे वैरी हाय का? पोरगी सुखरूप ऱ्हावी म्हणून तर देतोय.” ते खोटं बोलत नाहीत, मी शेकडो वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला ते खरंच वाटलंय. लग्न हेच त्यांच्या लेखी संरक्षण. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार, मुकादम वेगळी उचल देतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. बीडचा आकडा ४० च्या वर होता. या आकड्यातल्या बहुतेक मुलींचं लग्न त्यांच्या भल्यासाठीच ठरवलं गेलं. आणि ते मोडायला जेव्हा आम्ही जातो, तेव्हा आम्हीही त्यांच्या भल्यासाठीच जातो. दोन्हीकडून भलं होत असताना ती मुलगी मधल्या मध्ये दारात शेंगा फोडत बसते.

मी विद्यार्थिनीला पुन्हा जायला सांगितलं होतं. या वेळी वही पिशवीतच ठेव, म्हटलं, आणि शेंगा फोड. ती गेली. दुपारभर बसली. पहिल्या तासाभरात काहीच झालं नाही. मग त्या मुलीनं तिला विचारलं, तुझं लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर विचारलं, मग घरचे काही म्हणत नाहीत का. आमची मुलगी खरं बोलली: म्हणतात, मागच्या महिन्यातच एक स्थळ आलं होतं. तिथून त्या दोघींचं सुरू झालं. पुढच्या आयसीला रेघेच्या जागी चार ओळी होत्या, बोलीतल्या बोलीत. ‘मला लगीन नको. कारखान्यावर पण नको. मला आजीपाशी ऱ्हायचंय. पण आजीला रात्रीचं दिसत न्हाई.’

त्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. त्या मुलीला तिच्या जिवाला असलेला धोका आम्हा सगळ्यांपेक्षा नेमका माहीत होता. कुठला धोका, कुठल्या वेळी, कुणाच्या नसण्यामुळे, सगळं एका वाक्यात. आमच्या अहवालात तिच्यासाठी ‘असुरक्षित कौटुंबिक वातावरण’ असा शब्दप्रयोग होता, आणि त्या शब्दांनी काहीही करता येत नाही. आजीला रात्रीचं दिसत नाही, यावर करता येतं. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेता येतं. रात्री झोपायला शेजारच्या म्हातारीला बोलावता येतं. गावातल्या शाळेला जोडून हंगामी वसतिगृह चालतं, तिथं जेवण मिळतं का ते बघता येतं. गावातल्या आशा कार्यकर्तीला सांगता येतं की संध्याकाळी जाता जाता हाक मार. समितीपुढे आम्ही तेच मांडलं. आजीचे मोतीबिंदू पिकलेत असं निघालं, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. मुलगी आजीपाशी आहे. या हंगामात निभावेल असं वाटतं. पुढच्या हंगामाचं आज कुणी सांगू शकत नाही.

हे फक्त मुलांचंच आहे असंही नाही. एका आजोबांबरोबर मी प्रांत कार्यालयात जात असे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली त्यांनी मुलांविरुद्ध अर्ज केला होता. जमीन मुलांच्या नावावर करून दिल्यानंतर त्यांची बाज ओसरीतून उचलून मागच्या गोठ्याशेजारी टाकली होती. या कायद्याखाली न्यायाधिकरण महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवू शकतं. साहेब चांगले होते, आपुलकीनं विचारत होते, बाबा, किती हवेत, सांगा. आजोबा टोपी काढून मांडीवर ठेवायचे, पुन्हा घालायचे. दोन्ही मुलं भिंतीला टेकून उभी. शेवटी आजोबा एवढंच म्हणाले, “माझी बाज ओसरीत टाका. जाणारी येणारी माणसं दिसतात.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. असं मागणं लिहायला नमुन्यात जागा नव्हती. निर्वाहखर्च मंजूर झाला, आणि सलोखा अधिकाऱ्यांनी मुलांना समजावल्यावर बाजही ओसरीत आली. पावसाळ्यात खताच्या गोण्या ठेवायला जागा लागते म्हणून ती पुन्हा मागं गेली. पैसे मात्र दर महिन्याला येत राहिले. आता आजोबा नाहीत. कागदोपत्री ते प्रकरण यशस्वी म्हणून बंद झालं, आणि मला ते तसं बंद करता आलेलं नाही.

विचारायचं म्हणजे ऐकायचंच असंही नसतं, आणि इथंच या कामातला सगळा पीळ आहे. २०२२ च्या आधीची गोष्ट. ओळख पटेल असे तपशील मी इथं सगळीकडेच बदललेत, तिचेही. सतरा वर्षांची मुलगी, दिवस गेलेले, मुलगा तिच्या मर्जीचा. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला आधीच सांगितलं, तू जे सांगशील त्यातलं काही मला पोलिसांना कळवावं लागेल. पॉक्सोच्या कलम १९ नं माहिती देणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, आणि अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही. तिनं ऐकलं, थोडा वेळ गप्प बसली आणि तरी सांगितलं. मग माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ताई, तेवढं करू नका. मी केलं. गुन्हा दाखल झाला, मुलगा आत गेला, गावभर झालं. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. बाजारात दिसली की ओढणी डोक्यावरून पुढं ओढून निघून जाते. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी तशी विनंती केली, तर डॉक्टरनं कलम १९ ची माहिती देताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. ते वाचलं तेव्हा मला तीच आठवली. तिच्यासाठी उशीर झाला होता. कायद्याप्रमाणे वागले याची मला खंत नाही, कारण तिच्याच वयाच्या दुसऱ्या मुलीच्या बाबतीत तोच कायदा एका नराधमाला रोखताना मी पाहिलाय. पण तिनं धरलेले हात माझ्या मनातून सुटलेले नाहीत, आणि सुटावेत असंही मला वाटत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली, त्यानंतर काही दिवस आमचे फोन सतत वाजत होते. शाळा, क्लासेस, पालक. प्रत्येकाचा पहिला प्रश्न कॅमेरे किती लावायचे हा. लावा, जरूर लावा, मी सांगायचे. पण २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत पाहणी केली होती, महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाला तोंड दिल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. छळणारी माणसं पुष्कळदा ओळखीचीच होती. घरातल्या माणसापुढे कॅमेरा काय करणार? तिथं लागतं एक असं माणूस, ज्याच्यापाशी मूल अर्धवट वाक्य टाकू शकेल आणि ते माणूस मोबाइल खाली ठेवून म्हणेल, हं, मग? असं माणूस प्रत्येक शाळेत तयार करायला किती खर्च येईल, याचा हिशेब अजून कुणी मागितलेला नाही. मला तो कुणीतरी मागावा असं फार वाटतं.

सध्या मी एका अकरा वर्षांच्या मुलीची सपोर्ट पर्सन आहे. समितीनं नेमणूक केली आहे. कोर्टाच्या तारखा कळवणं, काय होणार ते तिला समजेल असं सांगणं, सोबत राहणं हे माझं काम. ती बालगृहात राहते. कोर्टात मुलांसाठी वेगळी खोली आहे, पण गेल्या तारखेला तिथं दुसऱ्या प्रकरणातली मुलं होती, म्हणून आम्ही लिपिकांच्या खोलीत बसलो. टेबलाखाली जुन्या फायलींचे लाल कापडी गठ्ठे, दारातून येणारा चहाचा आणि घामाचा वास. ती पायातल्या चपलेचा पट्टा काढत होती, घालत होती. दुपारी अडीचला पुढची तारीख पडली. परतताना एसटीत तिनं विचारलं, “मी सांगितलं म्हणून आजी रडते का?” मी म्हटलं, आजी कशानं रडते ते मला नक्की माहीत नाही, पण जे झालं ते तुझ्यामुळे झालं नाही. ती पुढं काही बोलली नाही. माळेगाव फाट्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि मग झोपली.

गेल्या आठवड्यात साक्षीची तयारी करताना मी तिला सांगितलं की आत कोर्टात कोण कोण असेल. दार बंद असेल. तो तुला दिसणार नाही. कायद्यात असं आहे की आईवडील नाहीतर ज्याच्यावर तुझा विश्वास आहे असं कुणीही तुझ्यासोबत बसू शकतं, तर तुला कोण हवंय? आपलं नाव येईल असं मी धरून चालले होते. इतके महिने मीच तिच्यासोबत होते. तिनं लगेच सांगितलं, “स्वयंपाकवाल्या मावशी.” मला क्षणभर लागलं. आणि त्याच क्षणी खूप बरंही वाटलं, कारण तिनं विचार करायला वेळही घेतला नव्हता. मावशी शिकलेल्या नाहीत. साठीच्या घरातल्या, रोज दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापणाऱ्या, मुलगी रात्री घाबरून उठली तर तिला चुलीपाशी बसवून घेणाऱ्या. हे मला तिच्या फायलीतून कधी कळलं नसतं.

सरकारी वकिलांमार्फत तसा अर्ज दिलाय. मावशींना सांगायला गेले तर हात पिठात होते. म्हणाल्या, “तिथं मला काय बोलावं लागंल?” काही नाही, फक्त तिच्याशेजारी बसायचं. “जज साहेब रागावतील का?” नाही रागावणार. मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, लुगडं कोणतं नेसू. तारीख गुरुवारची आहे. साडेदहाला हजर राहायचं तर आठची गाडी धरावी लागेल. अधीक्षिकाबाईंनी मावशींची रजा मंजूर केली आहे. त्या दिवशीच्या भाकऱ्या कोण करणार ते अजून ठरायचंय.